इमारतीभोवतीचा हरितपट्टा, सामासिक अंतर आणि आडोसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची कमिटी, छोटे बिल्डर, कारखानदार आणि शेजारच्या नव्या बांधकामाच्या धुळीने वैतागलेले रहिवासी, सगळे आमच्याकडे साधारण तेच प्रश्न घेऊन येतात. आम्ही पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात लँडस्केपची कामं करतो, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. कायदे बहुतेक राज्यभर लागू आहेत. जिथे मुंबईचं वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

सामासिक अंतर, मोकळी जागा आणि हरितपट्टा हे एकच का?

नाही, आणि निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

सामासिक अंतर म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची जागा. ती उजेड, हवा आणि अग्निशमनासाठी असते. तिथे झाडं लावता येतात, पण ती जागा झाडांसाठी राखलेली नसते. मोकळी जागा म्हणजे लेआउटमधली खेळायला-बसायला ठेवलेली सामाईक जागा. यूडीसीपीआर, म्हणजे २ डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला १० टक्के मोकळी जागा मागते. हरितपट्टा ही तिसरी गोष्ट. तो बहुधा पर्यावरण मंजुरीच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या अटीतून येतो आणि त्याचं काम धूळ अडवणं, दृश्य झाकणं, दोन वापरांमध्ये अंतर राखणं हे असतं.

नकाशावर मात्र तिन्ही हिरव्याच रंगात रंगवलेले असतात. एकच सहा मीटरची पट्टी फायरच्या नकाशात रस्ता, उद्यान विभागाच्या नकाशात झाडं आणि ब्रोशरमध्ये जॉगिंग ट्रॅक म्हणून दाखवलेली आम्ही पाहिली आहे. तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघा. पहिलं काम हेच.

आमच्या प्लॉटला नक्की कोणता नियम लागतो?

आधी जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. मुंबई महापालिकेची हद्द, एमआयडीसी आणि आणखी काही नियोजन प्राधिकरणांची क्षेत्रं वगळता राज्यात यूडीसीपीआर चालते. मुंबईला स्वतंत्र डीसीपीआर २०३४ आहे. एमआयडीसीच्या प्लॉटला एमआयडीसीचेच नियम.

मग बांधकामाचं आकारमान. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि झाडांच्या अटी त्या मंजुरीपत्रात येतात. त्याखालच्या प्रकल्पांना बांधकाम परवानगीतल्या अटी आणि उद्यान विभागाची ना-हरकत एवढंच.

आणि तिसरं, जागेवर आधीपासून उभी असलेली झाडं. शहरी भागात त्यांना १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागतो, ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. प्लॉट आपला आहे म्हणून झाडही आपल्या मर्जीने तोडता येतं, असं दोन्हीकडे नाही.

आर्किटेक्ट म्हणतात ८० चौरस मीटरला एक झाड, सल्लागार म्हणतात हेक्टरी २,५००. खरं कोणाचं?

दोघांचंही. दोन आकडे वेगळ्या जागांसाठी आहेत.

८० चौरस मीटरला एक झाड ही गृहप्रकल्प, ऑफिस, मॉल अशा बांधकामांच्या पर्यावरण मंजुरीतली नेहमीची अट. ती संपूर्ण प्लॉटच्या क्षेत्रफळावर मोजतात आणि आधीची झाडं त्यात धरतात. एका हेक्टरच्या प्लॉटला १२५ झाडं. हेक्टरी २,५०० ही घनता उद्योगांच्या मंजुरीत येते आणि ती फक्त हरितपट्ट्याच्या क्षेत्राला लागते. दोन मीटर बाय दोन मीटरच्या चौकडीवर एक झाड, असा तो हिशोब.

१२५ झाडांत एक मेख आहे. एक हेक्टरचा चौकोनी प्लॉट धरला तर त्याचा परीघ ४०० मीटर. दर तीन मीटरवर एक झाड लावलं की १३३ झाडं कुंपणाला लागूनच बसतात. अट पूर्ण, फोटो काढले, अहवाल गेला. पण एका रांगेतलं झाड धूळही अडवत नाही आणि दृश्यही झाकत नाही, कारण फांद्यांखालचा दोन मीटर भाग उघडा राहतो. संख्येची अट पूर्ण करणं आणि आडोसा तयार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ही नेहमी नकाशाऐवजी पट्ट्याचा उभा छेद मागतो: भिंत कुठे, झुडूप कुठे, झाड कुठे, माती किती खोल. छेद काढता आला नाही तर पट्टा होणार नाही, हे बिनधास्त समजा.

कारखान्याला ३३ टक्के हरितपट्टा म्हणतात. प्रत्यक्षात किती जागा जाते?

५० बाय १०० मीटरचा प्लॉट घ्या. क्षेत्र ५,००० चौरस मीटर, त्याचे ३३ टक्के १,६५०. चारही बाजूंनी सहा मीटरचा पट्टा सोडला तर १,६५६ चौरस मीटर होतात, म्हणजे बरोबर बसतं. २,५०० च्या घनतेने त्यात सुमारे ४१२ झाडं लागतील.

आता त्याच्या आत अग्निशमन गाडीसाठी सहा मीटरचा रस्ता फिरवा. शेडसाठी उरतात २६ बाय ७६ मीटर, म्हणजे १,९७६ चौरस मीटर. प्लॉटच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. हा हिशोब प्लॉट घेण्याआधी करायचा असतो. शेड उभी राहिल्यावर आमच्याकडे आलेल्या मालकांना आम्ही फार काही देऊ शकत नाही.

पट्ट्याची रुंदी साधारण ५ ते १० मीटर, मुख्यतः हद्दीने, वाऱ्याच्या दिशेला आणि रस्त्यांच्या कडेने, अशी भाषा मंजुरीत असते. ३३ टक्के हा वर्षानुवर्षं चालत आलेला आकडा आहे. तुमच्या मंजुरीपत्रावर वेगळा छापला असेल तर तोच तुमचा. शेजारच्या युनिटला किती दिला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

फायरची गाडी आणि झाडं एकाच सामासिक अंतरात बसवायची कशी?

एकावर एक नाही, शेजारी शेजारी. उंच इमारतीभोवती सहा मीटरचा रस्ता मोकळा लागतो. त्याचा पृष्ठभाग ४५ टनांपर्यंतची गाडी पेलणारा हवा, अशी राष्ट्रीय इमारत संहितेची अपेक्षा आहे. वळणाची त्रिज्या ९ मीटर. नऊ मीटरचं अंतर सोडलं असेल तर हद्दीकडचे तीन मीटर झाडांना मिळतात. सहाच मीटर सोडलं असेल तर झाडांना काहीच मिळत नाही, मग नकाशात काहीही दाखवलेलं असो.

गवताची जाळीदार पेव्हिंग घालून 'हा रस्ताही आणि लॉनही' असं सांगणारे भेटतील. भार पेलणारा पाया खाली असेल तर गाडी जाईल, पण त्या पायात झाड वाढणार नाही. शिवाय वरची फांदी विसरू नका. रस्त्यावर आडवा पसरणारा रेनट्री असेल तर शिडीची गाडी उभी करायला जागा राहत नाही. रस्त्याच्या बाजूला सरळ वाढणारं झाड घ्या, पसरणारं झाड मोकळ्या जागेत.

बेसमेंट हद्दीपर्यंत आहे. वर माती टाकून पट्टा करता येईल ना?

लॉन आणि झुडपं होतील. झाडांसाठी स्लॅबवर निदान एक ते सव्वा मीटर माती हवी. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढे जातं, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ते सुरुवातीलाच धरलेलं पाहिजे. नंतर कुणी 'टाका थोडी जास्त माती' म्हटलं तर टाकू नका. गळती सुरू झाली की पहिला बळी त्या झाडांचाच जातो, कारण वॉटरप्रूफिंगसाठी सगळं उकरावं लागतं.

मोकळ्या जागेचा प्रश्न याहून कडक आहे. पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरची बाग जमिनीवरच्या मनोरंजनाच्या जागेला पर्याय ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये दिला. कारण सरळ आहे: लहान मुलं, म्हातारी माणसं, झिरपणारं पाणी आणि मोठी झाडं या सगळ्यांना खरी जमीन लागते. नंतर नियमावल्या बदलल्या, तपशील बदलले, पण आमचं मत तेव्हा होतं तेच आहे. बेसमेंटची रेषा आखायच्या आधी हरितपट्टा ठरवा. बेसमेंटचा नकाशा मंजूर झाल्यावर लँडस्केपवाल्याला बोलावणं म्हणजे कुंड्या मांडायला बोलावणं.

सरळ आसुपालवाची रांग का लावू नये? सगळेच लावतात.

सगळे लावतात कारण तो स्वस्त मिळतो, बारीक वाढतो आणि पहिल्याच वर्षी फोटोत बरा दिसतो. लोक त्याला अशोक म्हणतात, तो सीतेचा अशोक नव्हे. जिथे जागाच दीड मीटर आहे तिथे आम्हीही लावतो. पण दोन-दोन फुटांवर खेटून लावलेली रांग सात-आठ वर्षांत खालून उघडी पडते, मधली झाडं वाळतात आणि एक वाळलं की तिथे दात पडल्यासारखी फट दिसते. ती फट पुन्हा भरत नाही, कारण दोन्ही बाजूच्या मुळांनी जागा घेतलेली असते.

त्याऐवजी तीन थर करा. भिंतीलगत झुडपं: करवंद, अडुळसा, कढीलिंब, निर्गुंडी, कामिनी, जास्वंद. त्यापुढे मध्यम, दाट, सदाहरित झाडं: बकुळ, पुत्रंजीवा, सीता अशोक. आणि जागा असेल तिथे मोठी: करंज, जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, बेहडा. कोकणात उंडी आणि सुरंगी उत्तम, खाऱ्या वाऱ्याला उंडीसारखी नाही. तीन थरांना किमान चार-पाच मीटर लागतात. तेवढे नसतील तर दोन थर करा, पण खालचा झुडपांचा थर सोडू नका.

आता एक गोष्ट जी नर्सरीवाला सांगत नाही. धुळीचा हंगाम म्हणजे दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत. नेमक्या त्याच काळात पळस, पांगारा, काटेसावर आणि बहावा पानं टाकून उभे असतात. फुलं बघायला या झाडांसारखी झाडं नाहीत. ती प्रवेशद्वाराजवळ, बागेत जरूर लावा. ताम्हण तर आपलं राज्यफूल, त्याला जागा हवीच. पण धुळीच्या पट्ट्याचा कणा पानझडी झाडांचा करू नका. खरखरीत, लव असलेलं पान धूळ जास्त धरतं आणि पहिल्या पावसात धुऊन निघतं. गुळगुळीत चकचकीत पानावरून ती पुन्हा उडते.

कोणती झाडं नकोत?

कोनोकार्पस. भिंतीसारखा दाट होतो, पाणी कमी दिलं तरी तगतो, म्हणून खूप खपला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं ड्रेनेज आणि केबलच्या मागे लागतात, परागकणांच्या तक्रारी आहेत आणि त्यावर पाखरू बसत नाही. सुबाभूळ, गिरिपुष्प आणि निलगिरी पट्ट्यात नकोत. गुलमोहर आणि सोनमोहर पार्किंगच्या वर नकोत, वादळात फांद्या मोडतात. वड, पिंपळ, उंबर ही झाडं देखणी आणि हक्काची, पण भिंतीपासून आणि टाकीपासून निदान दहा-बारा मीटर लांब. सप्तपर्णी एखाददुसरी ठीक. तीस झाडांची रांग लावलीत तर दिवाळीच्या सुमाराला फुलल्यावर रहिवासी वासाने खिडक्या लावून घेतील आणि अर्ज तुमच्याच टेबलावर येईल.

खेड्यात शेराची वई, म्हणजे कुंपण घालतात, तीही शोभते. मात्र शेराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. मुलांच्या खेळाच्या जागेजवळ नको.

झाडांनी हायवेचा आवाज कमी होतो का?

फार कमी. अमेरिकेच्या वनसेवेच्या मार्गदर्शिकेत ३० मीटर रुंद दाट पट्ट्याने ५ ते ८ डेसिबल कमी होतात असं दिलं आहे. आपल्याकडे तीन मीटर मिळताना मारामार. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हायवेलगतच्या फ्लॅटमध्ये ती झाडांनी गाठता येणार नाही. आवाज अडवते ती वजनदार, फटी नसलेली भिंत किंवा मातीचा बांध. बांध घालायला जागा असेल तर तो घाला आणि त्यावर झाडं लावा. रस्ता दिसेनासा झाला की आवाजाचा त्रास कमी वाटतो, हे खरं आहे, पण ते मीटरवर दिसत नाही. ज्याने तुम्हाला 'ग्रीन नॉइज बॅरिअर' विकला त्याला डेसिबल विचारा.

मग धुळीला भिंत बरी की झाडं?

धुळीला उलटं. भरीव भिंतीवर वारा आदळतो, वर चढतो आणि पलीकडे भोवरा करून खाली येतो. भिंतीपलीकडच्या अंगणात धूळ साचते ती त्यामुळे. अर्धा वारा आरपार जाऊ देणारा आडोसा त्याचा वेग मोडतो आणि धूळ खाली बसते. त्याचा फायदा उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो. सहा मीटर उंचीच्या पट्ट्यामागे पन्नास-साठ मीटर. म्हणून झाडं दाट हवीत, पण पत्र्यासारखी बंद नकोत.

बांधकाम चालू असताना शेजाऱ्यांना काय संरक्षण आहे?

केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या नियमांप्रमाणे बांधकामाभोवती वारा अडवणारा आडोसा लागतो, उंची इमारतीच्या एक तृतीयांश, कमाल १० मीटर. रेती, माती, राडारोडा उघडा ठेवायचा नाही, दगड-फरशी उघड्यावर कापायची नाही. हे नियम मुळात ज्या शहरांत हवेतले धूलिकण मर्यादेपेक्षा जास्त आहेत त्यांच्यासाठी आहेत, आणि आपल्या मोठ्या शहरांपैकी बरीच त्यात मोडतात.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःचे नियम काढले: एक एकरापेक्षा मोठ्या लेआउटला आणि ७० मीटरपेक्षा उंच इमारतीला किमान ३५ फुटी पत्र्याचं कुंपण, त्याखाली २५ फुटी. शिवाय बांधकाम चारही बाजूंनी हिरवं कापड, ताग किंवा ताडपत्रीने झाकायचं.

हिरव्या कापडाबद्दल एक सूचना. ते वरच्या मजल्यांवर असतं, आणि धूळ बरीचशी खाली गेटवर, ट्रकच्या चाकांतून बाहेर पडते. गेटवर चाकं धुण्याचा खड्डा आहे का, हे आधी विचारा. दुसरी सूचना बिल्डरला. हद्दीवरची कायमची झाडं पायाच्या खोदकामाबरोबरच लावून टाका. ताबा द्यायच्या वेळी ती तीन-चार वर्षांची झालेली असतात आणि बांधकामाच्या काळात शेजाऱ्यांनाही उपयोगी पडतात. फक्त जेसीबीपासून वाचवायला पक्कं बॅरिकेड हवं. सुतळी बांधून जेसीबी थांबत नाही.

कंपाउंडची भिंत उंच करून मोकळं व्हावं का?

हवी तेवढी उंच करता येत नाही. सर्वसाधारण मर्यादा समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर. २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा लागतो. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणापाशी दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भाग ०.७५ मीटरच, म्हणजे येणारी गाडी दिसेल. भिंतीला जे लागू आहे ते अक्कलहुशारीने झाडाझुडपांच्या कुंपणालाही लावा. कोपऱ्यावर बोगनवेलीचा डोंगर करून ठेवला तर नियमाचा हेतूच गेला. तिथे गुडघाभर उंचीची झुडपं आणि वर उंच खोडाचं एखादं झाड पुरे.

जुनं झाड बांधकामात येतंय. तोडून दुसरी लावली तर चालेल?

परवानगीशिवाय नाही. आणि 'तोडलं नाही, फक्त फांद्या उतरवल्या' ही पळवाट चालत नाही. १९७५ च्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणं किंवा त्याला दुसऱ्या कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि भरपाई म्हणून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. तीस वर्षांचं झाड तोडलं तर तीस. नवी झाडं सहा फुटांच्या वरची हवीत, जिओ-टॅग करायची, म्हणजे प्रत्येकाचं ठिकाण डिजिटल नकाशावर नोंदवायचं, आणि सात वर्षं सांभाळायची.

आमचा सल्ला पैशाच्या भाषेत: ज्या चिंचेसाठी रॅम्प चार मीटर सरकवावा लागतो तिच्यासाठी रॅम्प सरकवा. भरपाईची झाडं, पिंजरे, पाणी आणि सात वर्षांचा माळी यापेक्षा ते स्वस्त पडतं. पुनर्रोपण हा शब्द ऐकून खूश होऊ नका. वड, पिंपळ, उंबर बरेचदा जगतात. मोठं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड मुरमातून काढून दुसरीकडे जगवणं अवघड आहे, आणि वाळायला दीड-दोन वर्षं लागतात, तोवर अहवालात ते 'पुनर्रोपित' असतं.

ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, कचऱ्याची जागा झाकायची आहे.

झाका, पण दरवाजा उघडेल आणि माणूस आत जाऊन काम करू शकेल एवढी जागा सोडून. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर वेल चढवू नका. उन्हाळ्यात वाळलेला वेल आणि एक ठिणगी पुरते. जनरेटरला हवा लागते, त्याच्या जाळीसमोर मीटर-दीड मीटर मोकळं ठेवा. कचऱ्याच्या जागेला विटांची जाळी आणि बाहेरून अडुळसा, हे साधं आणि टिकाऊ. उच्चदाबाच्या तारेखाली फक्त झुडपं लावा, नाहीतर वीज कंपनीचे लोक दर पावसाळ्याआधी येऊन झाडाचं डोकं उडवतील.

दाट झाडीत चोर लपतात, साप येतात, डास होतात. कमिटीत हाच मुद्दा येतो.

चोराचं उत्तर छाटणीत आहे: झुडूप कमरेएवढं, झाडाची पहिली फांदी आठ फुटांवर, मधून आरपार दिसलं पाहिजे. जिथे आडोसा पक्काच हवा, म्हणजे मागच्या हद्दीवर, तिथे करवंद लावा, त्यातून कुणी घुसत नाही. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. डास साचलेल्या पाण्यात होतात, पानात नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या तपासा.

मियावाकी पद्धतीने लावलं तर?

अरुंद, लांब पट्ट्यात चांगलं जमतं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत, चौरस मीटरला तीनच्या आसपास रोपं. दोन-तीन वर्षांत आरपार दिसेनासं होतं. पण त्यात पुढे बरीच रोपं मरतात, तशीच ती योजना असते. त्यामुळे 'आम्ही दोन हजार झाडं लावली' हा आकडा पाच वर्षांनी मोजणीला टिकत नाही. आणि ते जंगल आहे, त्यात चालता-बसता येत नाही. मोकळ्या जागेत मियावाकी करून मुलांची खेळायची जागा घालवू नका.

खड्डा, माती, पाणी: किमान काय करावं?

खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, एप्रिल-मेमध्ये खोदून उन्हात तापू द्या. खाली कातळ लागला तर फोडा, नाहीतर खड्डा नव्हे, कुंडी होते: पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात. पोयटा, शेणखत आणि निघालेला मुरूम मिसळून भरा. जागेची वरची वीस सेंटिमीटर माती खोदकामाआधी काढून बाजूला रचून ठेवायची असते, पर्यावरण मंजुरीतही ही अट असते. बहुतेक ठिकाणी ती राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये जाते आणि मग आपण विकतची लाल माती आणतो.

रोप लावताना पिशवी पूर्ण काढा. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण वाळलेली झाडं उपटली की तळाशी काळी पिशवी आणि तिच्यात गोल गोल फिरलेली मुळं हमखास निघतात. गुत्तेदाराला संख्येवर पैसे मिळतात आणि एक पिशवी फाडायला अर्धा मिनिट लागतो.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जून अखेर ते जुलै. पहिले तीन उन्हाळे महत्त्वाचे. आम्ही आठवड्यातून दोनदा, झाडामागे साधारण वीस लिटर धरतो. १२५ झाडांना आठवड्याला पाच हजार लिटर. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी वापरा, त्यासाठी वेगळी पाइपलाइन बांधकामातच टाकून घ्या. बुंध्याशी पालापाचोळ्याचं चार इंच आच्छादन घाला, खोडाला न चिकटवता. आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याभोवती निदान चार फूट लांब ठेवा. झाडाच्या गळ्यापर्यंत सिमेंट आणणाऱ्या मिस्त्रीला काम थांबवून समजवा.

ब्रोशरमध्ये हरितपट्टा होता, आता तिथे पार्किंग आखलंय. काय करावं?

रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे प्रकल्प मंजूर नकाशाप्रमाणे करावा लागतो आणि लेआउट किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. म्हणून ब्रोशर बाजूला ठेवा आणि महारेराच्या संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा काढा. पट्टा त्यात असेल तर तुमची बाजू भक्कम. फक्त ब्रोशरच्या चित्रात असेल तर लढाई लांबते.

पर्यावरण मंजुरी असेल तर आणखी एक कागद आहे. प्रकल्पधारकाला १ जून आणि १ डिसेंबर अशा दोन तारखांना पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. मंजुरीपत्र परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर मिळतं. दोन्ही शेजारी ठेवून अहवालात लिहिलेली झाडं जागेवर मोजा. मोजणीचे तारखेसह फोटो ठेवा. तक्रार झाडांबद्दल असेल तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे, मंजुरीच्या अटीबद्दल असेल तर राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे. पुढची पायरी राष्ट्रीय हरित लवाद, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे साधारण सहा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे वर्षभर पत्रव्यवहार करत बसू नका.

सोसायटी ताब्यात आली. झाडांचं काय काय मागून घ्यावं?

लँडस्केपचा शेवटचा नकाशा, झाडांची यादी आणि क्रमांक, जिओ-टॅगची नोंद, भरपाईच्या झाडांची सात वर्षं कुठल्या तारखेला संपतात ते पत्र, ठिबकच्या व्हॉल्व्हचा नकाशा आणि एसटीपीचं पाणी बागेला जोडलेलं आहे याची प्रत्यक्ष खात्री. व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बघा. नळ असतो, पाइप असतो, दोन्ही जोडलेले नसतात.